आधी टाकी बघ

जयंती परब सातवीत माझ्या वर्गात होती. पस्तीस मिनिटांच्या तासात दहाव्या मिनिटाला तिचे पाय हलायला लागत, मग बाक हले, मग पुढचा बाक. शेवटी मी तिला खडू आणायला पाठवायला लागले. खडू असले तरी पाठवायची.

आता तिने चाळिशी ओलांडली आहे. वाकोल्याला आमच्या इमारतीसमोरच्या गल्लीत ती वडिलांचं गॅरेज चालवते, आणि अजून बसत नाही. एका हातात पाना, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास, आणि तो चहा बहुधा गारच होतो. स्कूटरी, पाण्याचे पंप, लग्नाच्या हॉलचे जनरेटर, काहीही आलं की ती आधी त्याच्याभोवती एक फेरी मारते. मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावते. ही तिच्या वडिलांची, गुणाजी परबांची शिस्त. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हे गॅरेज काढलं आणि जयंतीला एकच मंत्र दिला: “आधी टाकी बघ गो बाय, मगे शाणपण दाखव.” पेट्रोल संपलेल्या गाडीचं अर्धं इंजिन खोलून बसलेले मेकॅनिक त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

गेल्या सप्टेंबरात मात्र बेचैन म्हणजे काय ते मी तिच्याकडे बघून खरं पाहिलं. कारण होतं शिवदासची स्कूटर.

शिवदास तिच्याच वर्गातला. पोलिओमुळे दोन्ही पाय अधू. मधल्या सुट्टीत त्याचं दप्तर जयंती उचलायची आणि बदल्यात त्याचा डबा खायची. आजही तो वाकोल्यातच राहतो आणि मानखुर्दला एका शाळेत क्लार्क आहे. मागे दोन जादा चाकं लावलेली त्याची जुनी स्कूटर आहे. ती आल्यापासून सात वर्षं त्याने कुणाला ‘मला जरा सोडता का’ असं विचारलेलं नाही.

तीच स्कूटर आता लिंक रोडच्या पुलावर बंद पडायला लागली होती. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मागून येणारा टँकर हातभर अंतरावर थांबला. ज्याला उतरून गाडी कडेला ढकलता येत नाही, त्याने अशा वेळी काय करायचं? दोन्ही वेळा शिवदासने फोन केला, जयंती दुसऱ्याची बाईक घेऊन पोचली, टाकी उघडली, पेट्रोल होतं, झाकण लावलं, बटण दाबलं. गाडी सुरू.

“माझ्यासमोर शहाण्यासारखी वागते रे ही,” ती म्हणाली.

“माझी बायको पण तुझ्यासमोर तशीच वागते,” शिवदास म्हणाला.

गॅरेजमध्ये तिने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, वायरिंग वीतवीत तपासलं. गल्लीत चार फेऱ्या मारल्या की गाडी झकास. आणि शुक्रवारी ती तिसऱ्यांदा बंद पडली. त्याच पुलावर, चढावर. या वेळी एका रिक्षावाल्याने थांबून “पेट्रोल हाय का बघा” म्हणत झाकण उघडलं, आणि गाडी लगेच चालू झाली.

संध्याकाळी शिवदासची बायको कुंदा गॅरेजसमोर उभी राहिली. मी भाजी घेऊन परतत होते.

“ताई, सोमवारी गिऱ्हाईक येतंय. मी विकतेय ती.”

“कुंदा, दोन दिवस दे.”

“तीनदा दिले ना? चौथ्यांदा टँकर थांबला नाही तर? तुमचं काय, तुम्ही पाना पुसून मोकळ्या.”

“मग कामावर कसा जाणार तो?”

“नाही गेला तर नाही गेला. घरात जिवंत तरी असेल.”

शिवदास मागे स्कूटरवर बसून होता. त्याने फक्त चावी काढून जयंतीच्या हातात दिली, आणि नंतर कुंदाच्या खांद्याला धरून घरी गेला. सात वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी जयंतीने माझ्याकडे पाणी मागितलं, ते उभ्यानेच प्यायली आणि म्हणाली, “बाई, मी चुकतेय. गाडी नाही, मी. गल्लीत फिरवून काय कळणार? त्याच्यासारखी चालवायला पाहिजे.” तिने पंपावर टाकी फुल केली, शिवदास करायचा तशी, आणि निघाली. पुढचं तिने नंतर मला सांगितलं.

पुलाच्या चढावर इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. मागून हॉर्न, शिव्या. तिने गाडी कडेला ढकलली आणि सवयीने तिचा हात टाकीच्या झाकणाकडे गेला. झाकणावर बोटं टेकली आणि ती थबकली. पहिल्या दोन वेळा तिने स्वतः हेच केलं होतं. तिसऱ्या वेळी रिक्षावाल्याने. दर वेळी झाकण उघडलं, आणि दर वेळी गाडी सुरू झाली.

तिने हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा टाकी न बघता तिने बटण दाबलं. नाही. किक मारली, दहादा. नाही. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली. मग ती वाकली, कान झाकणाजवळ नेला आणि ते हळूच फिरवलं.

फुस्स. हवा आत गेली. बटण दाबताच गाडी सुरू.

टाकीतलं पेट्रोल जसजसं संपतं तसतशी वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बंद झालं की थोडं अंतर गेल्यावर पेट्रोल खाली उतरेनासं होतं; गल्लीतल्या चार फेऱ्यांत ते कळत नाही. झाकण उघडलं की हवा जाते आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी चालते. जयंतीने झाकण उलटं केलं. आत काळ्या रबराची चकती होती.

ती तिनेच बसवलेली. जुलैत झाकणाच्या कडेने टाकीत पाणी झिरपतं म्हणून शिवदासने तक्रार केली होती, तेव्हा तिने टायरच्या जुन्या ट्यूबमधून गोल चकती कापली, हवेसाठी दाभणाने भोक पाडलं आणि आत बसवली. कुणी न सांगता, मायेने. अडीच महिन्यांत पेट्रोल पिऊन ते रबर फुगलं होतं आणि भोक मिटलं होतं.

ती तशीच शिवदासच्या घरी गेली. चकती कुंदाच्या हातावर ठेवली.

“ही मी लावलेली. हिच्यामुळे बंद पडत होती.”

कुंदाने चकतीकडे पाहिलं. “म्हणजे तुम्हीच?”

“मीच.”

कुंदाला रागवायचं होतं, पण तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. शिवदास म्हणाला, “जये, तू माझा डबा खायचीस तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.”

सोमवारी जयंतीने नवं झाकण बसवलं, शिवदासच्या मागे बसून पार मानखुर्दपर्यंत गेली आणि परत आली. गिऱ्हाईक आलं, त्याला कुंदाने चहा देऊन पाठवलं.

मला वाटलं, आता ही जरा बसेल. पण त्या जुलैत तिने तशी चकती आणखी कितीतरी गाड्यांना लावून दिली होती. नावं लिहिलेली नव्हती. तिला गाड्या आठवत होत्या: निळी, आरसा तुटलेली, डिकीवर ओरखडा असलेली, पांढरी नारळाच्या स्टिकरवाली. तेव्हापासून ती सिग्नलला थांबलेल्या स्कूटरींच्या मागे फिरते. “ओ दादा, झाकण उघडा जरा,” असं अनोळखी माणसाला म्हणते आणि बोलणी खाते.

परवा मी गॅरेजमध्ये होते. तिने चक्क स्टूल पुढे ओढलं, बसायला म्हणून. तेवढ्यात फोन वाजला. शिवदासचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“जये, मानखुर्द स्टेशनबाहेर एक स्कूटर उभी आहे. पांढरी, मागे नारळाच्या झाडाचा स्टिकर. तुझीच ना?”

“त्याला हलू देऊ नकोस!” ती ओरडली, आणि चहा तसाच टाकून निघाली.