कानडीचा एक तास

साबेरा पिंजारी पारोळ्यातल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या वर्गातली मुलं मराठी वाचायची, लिहायची. बोलायची मात्र नाहीत. "अरे, तोंड उघडा की!" म्हणून त्या रागवायच्या.

गेल्या वर्षी धुळ्यात भाषाशिक्षकांचं प्रशिक्षण झालं. पहिल्याच तासाला शिकवायला सोलापूरहून आलेल्या बाई नुसत्या कानडीत बोलू लागल्या. त्यांनी साबेरांना काहीतरी विचारलं. साबेरा उभ्या राहिल्या, पण त्यांना एक शब्दही कळला नव्हता. बाई रागावल्या नाहीत. चहाचा कप उचलून त्यांनी तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हटलं. तास संपता संपता साबेरा चाचरत म्हणाल्या, "ननगे चहा बेकु." मला चहा हवा. बाईंनी हसून कप पुढे केला.

परतल्यावर साबेरांनी वर्गात पुस्तक मिटलं आणि पिशवीतली केळी, पेरू टेबलावर मांडले. "मराठीत मागा आणि घ्या," त्या म्हणाल्या. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग कधीच न बोलणारी माहेनूर पुटपुटली, "टीचर, मला पेरू होना."

"पेरू हवाय? घे," म्हणत साबेरांनी तो तिच्या हातात दिला. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, मला पण!"