सुमंत सरांचे साडेचारशे मेगाहर्ट्झ

देवळाली प्रवरात तीस वर्षं गणित शिकवून सुमंत सर निवृत्त झाले आणि लोकांच्या पत्रिका जुळवू लागले. आकडेमोड केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. एकोणीसशे नव्याण्णव साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला, त्यात पत्रिकेचं सॉफ्टवेअर टाकलं. हाताने दोन तास लागायचे, ते काम एका मिनिटात व्हायला लागलं. शहाणा माणूस इथे थांबला असता. सरांनी कुठल्याशा मासिकात वाचून सेटिंग बदललं आणि तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळवला. मिनिटाचे चाळीस सेकंद झाले. वाचलेल्या वीस सेकंदांची हकीकत ते येणाऱ्याजाणाऱ्याला अर्धा तास ऐकवत. मी शेजारी, त्यामुळे मला ती तोंडपाठ आहे.

प्रोसेसर तापायचा. म्हणून सरांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यासमोर मांडला. ऐन एप्रिलात सरांची बायको, आमच्या वहिनी, पुठ्ठ्याने वारा घेत बसायच्या. मला सरांचा भयंकर राग यायचा, पण चहा त्यांच्याच घरी चांगला मिळायचा.

एके दुपारी त्यांची मुलगी नीलांबरी म्हणाली, "बाबा, मला वरदशी लग्न करायचंय."

वरद साखर कारखान्यात केमिस्ट. मुलगा सरांना आवडायचा, पण त्यांचा नियम ठरलेला. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले नाहीत तर नकार.

सरांनी दोघांच्या जन्मवेळा घातल्या. नऊ गुण. नीलांबरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात वहिनींनी पंखा गुपचूप स्वतःकडे वळवल्याचं दिसलं. सरांनी तो परत फिरवला आणि पुन्हा बटण दाबलं. सव्वीस.

"तापलं की चुकतंय," सर पुटपुटले. पंखा एकवर ठेवला, चौदा. दोनवर, एकवीस. तीनवर पुन्हा सव्वीस.

"आईने पदराने वारा घातला तर छत्तीस होतील," नीलांबरी म्हणाली. ती हसत होती, पण डोळे भरले होते.

माझं डोकं फिरलं. "अहो सर, या उन्हाळ्यात किती लग्नं मोडलीत तुम्ही?"

सर पांढरेफटक पडले. त्यांनी वेग पुन्हा तीनशेवर आणला. "आता उत्तर बरोबर येईल. एक मिनिट लागेल."

पडद्यावर पट्टी हळूहळू सरकू लागली.

"बाबा, खरोखरच नऊ आले तर?"

सर तिच्याकडे बघत राहिले. पट्टी शेवटाला आली, आणि त्यांनी कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"अहो, उत्तर?" मी ओरडलो.

"नको," सर म्हणाले. "हिला नापास करायची छाती नाही माझी. वरदला रविवारी जेवायला बोलाव, नीला."