छटाताईंना परवानगी नाही

ओल्या रंगावर विश्वास ठेवणारा माणूस रंगाच्या कारखान्यात टिकत नाही. छटाताई टिकल्या होत्या त्या एवढ्याचसाठी. रंग पट्टीवर ओढायचा, पुरता वाळू द्यायचा, खिडकीशी नेऊन उजेडात बघायचा आणि तरीही ‘बघू’ म्हणायचं, ही त्यांची रीत. लग्नाच्या स्थळांनाही ताई ‘बघू’च म्हणाली, असं त्यांचा धाकटा भाऊ चारचौघांत सांगून हशा पिकवी. त्यात तथ्य होतं. पण आई गेली तेव्हा हा भाऊ शाळेत होता, आणि त्याला वाढवता वाढवता स्थळं यायची थांबली, हेही तितकंच खरं. ते मात्र तो चारचौघांत सांगत नसे.

ताई कारखान्यात लागल्या त्या बरण्या धुवायला. आता त्या रंग जुळवायच्या खोलीच्या प्रमुख होत्या. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा नाहीतर जुन्या दाराची खपली घेऊन येई, आणि काय किती घातलं म्हणजे नेमकी ती छटा उतरते, ते ताई ठरवत. ही मापं म्हणजे कारखान्याचा जीव. इतकी वर्षं ती ताईंच्या डोक्यात होती. नव्या साहेबांनी ती कॉम्प्युटरवर, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये भरायला लावली. ताईंनी मुकाट्याने भरली, पण तेव्हापासून मनात शंकेची पाल चुकचुकत होती. डोक्यातलं सगळं काढून घेतल्यावर डोक्याची गरज कोणाला?

सोमवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला, हिरव्या रंगाची फाइल दाबली, तर पांढऱ्या पानावर अक्षरं आली: ‘तुम्हाला ही फाइल पाहण्याची परवानगी नाही. परवानगी मागा.’ खाली निळं बटण.

आपणच लिहिलेली मापं, आणि परवानगी मागा! ताईंना आधी हसू आलं. त्यांनी बटण दाबलं. उत्तर आलं नाही. पुन्हा दाबलं. निळ्याची फाइल, पिवळ्याची फाइल, सगळीकडे तेच पान. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बटण त्यांनी इतकं दाबलं की बोट दुखायला लागलं. त्या पानावर खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी लिहिलेलं होतं. पण संशय आला की माणूस माणसांचे चेहरे वाचतो, बारीक अक्षरं कोण वाचतंय?

शेजारच्या टेबलावरच्या केमिस्टचा चेहरा वाचण्याजोगा होता. त्याच्या चष्म्याच्या काचेत मापांचे रकाने स्पष्ट उमटलेले दिसत होते. म्हणजे त्याची फाइल उघडत होती! या माणसाला ताईंनी हाताला धरून सगळं शिकवलं होतं, अगदी करडा रंग वाळल्यावर जांभळट का पडतो तेसुद्धा. कानामागून आली नि तिखट झाली, ती ही अशी.

“ताई, काही अडलंय का?” त्याने विचारलं.

“माझं काय अडणार?” ताई म्हणाल्या, आणि हिरवा रंग त्यांनी आठवणीने जुळवून दिला.

आता खरं सांगायचं तर तेव्हाच त्याला स्क्रीन दाखवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याच्यावर संशय, त्यालाच औषध विचारायचं, हे ताईंच्या स्वभावात बसणारं नव्हतं. दुपारी ताई साहेबांच्या खोलीवरून जात असताना साहेबांनी आतून दार लोटून घेतलं. ताईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

संध्याकाळी त्यांनी भावाला फोन केला. भाऊ दुसऱ्या एका रंगकंपनीत विक्रीच्या कामावर होता, त्यामुळे बहीणभावांत एक अलिखित करार होता: एकमेकांकडे जेवायला जायचं, पण रंगाचा विषय काढायचा नाही. त्या दिवशी ताईंनी तो मोडला.

“मला काढायचं चाललंय रे. फाइली बंद केल्यात माझ्या.”

भाऊ हसला. “बरं झालं. आमच्याकडे ये. मापं तेवढी डोक्यातून घेऊन ये म्हणजे झालं.”

ताईही हसल्या. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपल्या बाजूचं बोललं, म्हणून त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावलं, बसायला सांगितलं, आणि आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. परवानगी मागणाऱ्या मेलची रांगच्या रांग होती, आणि प्रत्येकीवर एकच नाव. ताईंच्या भावाचं.

“हे तुमचे कोण?”

“भाऊ आहे माझा.”

“तो तिकडच्या कंपनीत आहे म्हणे?”

“हो.”

“कालपासून तो आपल्या फाइली मागतोय. बाहेरच्या माणसाला आपल्या फाइलीचा पत्ता मिळाला कसा? तुम्ही दिलात?”

“मी कशाला देऊ?”

“मग त्यानेच तुमच्याकडून उचलला असणार. तो असं करेल का, ताई?”

‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? पण ताईंना रविवार आठवला. रविवारी भाऊ घरी आला होता आणि “ताई, तुझा लॅपटॉप दे जरा” म्हणून भिंतीला पाठ लावून बराच वेळ बसला होता. लेकीच्या पोहण्याच्या स्पर्धेचे फोटो बघतोय, म्हणाला होता. स्क्रीन ताईंनी पाहिली नव्हती. वर कालचं ते ‘मापं घेऊन ये’. काल ते गमतीचं वाटलं होतं. आणि सगळ्यात खाली, मनाच्या तळाशी, आणखी एक गोष्ट होती, तिची ताईंना तिथल्या तिथे लाज वाटली: तो नसेल, तर मग मीच. त्याने केलं असेल तर माझी खुर्ची शाबूत राहते.

आपलेच दात, आपलेच ओठ. ताईंनी तोंडातून ब्र काढला नाही.

“बरं,” साहेब म्हणाले. “त्यांच्या मालकांशी माझी ओळख आहे. बोलून घेतो मी.”

त्या संध्याकाळी भावजयीच्या नंबरावरून फोन वाजत राहिला, पण बोलणार भाऊच, हे ताईंना कळत होतं. ताई फोनकडे बघत बसल्या, पण उचलला नाही. काय विचारायचं त्याला? चोरी केलीस का, म्हणून? आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर त्यावर विश्वास ठेवायचा का?

सकाळी साहेबांनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या बाईंना आणलं. सगळे पासवर्ड विसरतात आणि यांच्याकडे धावतात, म्हणून त्यांना अख्खा कारखाना लॉगिनबाई म्हणे. केमिस्टही मागे येऊन उभा राहिला.

“माझ्यासमोर उघडा बघू, ताई,” लॉगिनबाई म्हणाल्या. पांढरं पान आलं. ताईंचं बोट सवयीने निळ्या बटणाकडे गेलं. “थांबा, ते दाबू नका. वरच्या कोपऱ्यात हा फोटो कोणाचा?”

“आईचा. माझ्या खात्याला मी तोच लावलाय.”

लॉगिनबाईंनी फोटोवर टिचकी मारली. फोटोखाली नाव उलगडलं. ते ताईंचं नव्हतं, भावाचं होतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतही तेच नाव होतं.

आईचा बरा असा एकच फोटो होता, उन्हाला आडवा हात धरून हसतानाचा. आई गेल्यावर दोघांनी तोच आपापल्या खात्याला लावला होता. रविवारी भावाने लेकीचे फोटो बघायला ताईंच्या लॅपटॉपवर आपलं खातं उघडलं आणि ते तसंच ठेवून तो जेवायला उठला. ताईंची ऑफिसची मेल वेगळ्या खिडकीत उघडे, तिथे काही बदललं नव्हतं. आणि इकडे कोपऱ्यात आई होतीच. मग शंका कशाची येणार?

“म्हणजे फाइली तो मागतच नव्हता,” लॉगिनबाई म्हणाल्या. “त्याच्या नावाने तुम्हीच मागत होतात.”

केमिस्ट हसला. साहेबही मोठ्याने हसले, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. “काखेत कळसा नि गावाला वळसा,” ते म्हणाले, आणि गैरसमज झाला म्हणून तिकडच्या मालकांना सांगायला त्यांनी लगेच आपल्या खोलीत जाऊन फोन लावला. दार उघडंच होतं आणि फोन स्पीकरवर, त्यामुळे ताईंना ऐकू आलं. काल दुपारपासून भावाचा फोन आणि लॅपटॉप मालकांनी काढून घेतला होता, आणि आज सकाळपासून त्याला बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, बाकावर बसवलं होतं. काल संध्याकाळी त्याने बायकोच्या मोबाइलवरून फोन का केला, ते ताईंना आता कळलं.

लॉगिनबाईंनी भावाचं खातं बंद केलं, ताईंचं उघडलं. हिरव्याची फाइल पटकन समोर आली. ताईंनी ती पाहिलीही नाही. त्या मागच्या जिन्यात गेल्या आणि भावाला फोन लावला. आता त्याचा फोन त्याला परत मिळाला होता.

त्यांनी सगळं सांगितलं, लॅपटॉपचं, खात्याचं, फोटोचं. तो ऐकत होता. फोटोचं आल्यावर जरासा हसलाही. “म्हणजे आईनेच घोळ घातला म्हणायचा.”

“माफ कर रे,” ताई म्हणाल्या. “तुला उगाच त्रास झाला.”

“त्याचं काही नाही. ताई, एक विचारू? तुझ्या साहेबांनी माझं नाव काढलं, तेव्हा तू काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

ताईंना पुढे काहीतरी जोडायचं होतं, पण खोटं बोलल्याशिवाय जोडता येईना.

“काहीच बोलले नाही मी.”

 मग तो म्हणाला, “बरं. ठेवतो आता. इथे अजून सगळे माझ्याकडे बघतायत.”