काश्यप गोत्राचा एलायजा

माझ्या अहिल्याकाकूचं मोटेल कॅन्ससमध्ये इतक्या आडबाजूला आहे, की तिथे मुद्दाम गेल्याशिवाय कुणी पोचत नाही. विष्णूकाका गेल्यापासून ती एकटीच ते चालवते. ट्रॉय शहरात आमच्याकडे राहायला ये म्हटलं, की म्हणते, तुमच्याकडे माणसं फार बोलतात.

मोटेलमागच्या शेतात दीडशे वर्षांपूर्वी एका कुटुंबाची सराई होती. आई, बाप, मुलगा, मुलगी. वाटसरूला आग्रहाने जेवायला बसवायचे, पाठ पडद्याकडे येईल असं. पडद्यामागून हातोडा पडायचा. कुटुंब पसार झाल्यावर बागेत अकरा प्रेतं निघाली. त्यांतल्या तिघांची नावं कधीच कळली नाहीत. आता लोक तिथे सेल्फी काढायला येतात. माझं डोकं फिरतं. काकू त्यांना चहा पाजते.

सर्वपित्रीला मात्र ती त्या तिघांसाठी पान वाढते. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचाच तो दिवस, म्हणते.

गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेलो होतो, आणि नेमके त्याच दिवशी एव्हरेट नावाचे त्र्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आले, नाकात ऑक्सिजनची नळी. डॉक्टरांनी काही महिनेच दिले होते. त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ एलायजा, वय एकोणीस, घरचा घोडा घेऊन जमीन बघायला निघाला तो परतलाच नाही. घोडा विकून पळाला, चोर निघाला, असं घरच्यांनी ठरवलं आणि त्याचं नाव टाकलं. पिढ्यान् पिढ्या कुणी ते उच्चारलं नाही. मग एव्हरेटना माळ्यावर त्याचं न फोडलेलं पत्र सापडलं: उद्याचा मुक्काम या सराईत. स्मारक समितीला मात्र ते पुरेसं वाटलं नाही. बळींच्या दगडावर त्याचं नाव कोरणार नाही म्हणाले.

काकूने सगळं ऐकून घेतलं आणि तांब्या उचलला. मी आपला शहाणपणा केलाच. म्हटलं, काकू, बायका तर्पण करत नाहीत, आणि याचं गोत्र कुठलं?

"माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. एवढा शिकलास, हे नाही शिकलास?"

मागच्या पायरीवर पत्रावळ मांडली. खीर, वडे, भात, लाल भोपळ्याची भाजी. काळे तीळ घेऊन काकूने पाणी सोडलं आणि शेताकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "काश्यप गोत्र, एलायजा."

एव्हरेटनी टोपी काढली. त्या काय म्हणतात, असं मला विचारलं.

"सांग त्यांना," काकू म्हणाली, "जेवायला बसवून मारलं पोराला. आज कुणी मारणार नाही म्हणावं. पोटभर जेव म्हणावं."

मी इंग्रजीत सांगायला लागलो. वाक्य अर्धंच राहिलं, पण त्यांना कळलं. त्यांनी पानाशेजारी खुर्ची मागितली. तिच्यावर टेकले. मग त्या एकोणीस वर्षांच्या पणजोबाशी आपल्या भाषेत हळूच बोलले.

"एलायजा, तू चोर नव्हतास. जेवलास की घरी चल, बाळा."