सहावा बार

एर्लांगेनमधल्या मराठी मंडळींत वासुदेवराव लोणकर एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते: त्यांनी आजवर स्वतः निवडून काहीही विकत घेतलं नव्हतं. ऐपत नव्हती म्हणून नव्हे, तर त्यांची निवड पुरी होईपर्यंत वस्तूच संपायची म्हणून. घर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी सतरा घरांच्या भिंतींना ओळंबा लावून पाहिला. अठरावं घर पसंत पडेपर्यंत मालकाच्या नातवाचं लग्न होऊन तो तिथे संसार थाटूनही बसला होता. वॉशिंग मशीनचा तुलनात्मक तक्ता पाच महिने चालला. शेवटी शुभावहिनी दुकानात गेल्या आणि समोर दिसलं ते मशीन घेऊन आल्या.

"अहो, तुमच्या तक्त्यात कपडे धुता येत नाहीत," त्या म्हणाल्या.

यात बिचाऱ्या वासुदेवरावांचा दोष नव्हता, पोटापाण्याचा होता. तेवीस वर्षं ते एका कारखान्याच्या मोजमाप विभागात होते. केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा इकडचा तिकडे झाला तरी सुटा भाग परत पाठवायचा, हे त्यांचं काम. असा माणूस घरी आला की पोळीचासुद्धा व्यास बघतो.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना नेमबाजीचा नाद लागला. गावाबाहेर जंगलाच्या कडेला शुट्झेनफेराइन, म्हणजे नेमबाजांचा क्लब होता. श्वास रोखून एका काळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. ऑफिसात ते हेच करत होते, इथे फक्त शेवटी आवाज व्हायचा. वर्षभर क्लबची हत्यारं वापरून झाली, परीक्षा झाली आणि सरकारी कार्डावर फोराइनट्राग मिळाला: पॉइंट टू टू कॅलिबरचं एक रिव्हॉल्व्हर घ्यायची मुभा. मुदत एक वर्ष.

आपण ते कमरेला लावून जंगलातल्या पायवाटेनं हिंडतो आहोत, असं चित्र वासुदेवरावांनी मनात रंगवलं होतं. क्लबचे अध्यक्ष हेर ब्रुनर यांना ते सांगितल्यावर त्यांना हसता हसता ठसका लागला.

"हेर लोणकर, आपल्याकडे हिंडायला बंदी आहे. कुलूपबंद पेटीतून घर ते क्लब, क्लब ते घर. बसस्टॉपपासून इथवर जी आठशे मीटर पायवाट आहे ना, तेवढंच काय ते तुमचं जंगल."

झालं. अकरा महिने निवड चालली. हलक्या धातूचं घ्यावं तर हातात उडी मारतं. पोलादी घ्यावं तर चाप जड. गोळ्यांचं चाक हातानं हलवून बघावं तर खटखट डुगडुगतं. चाक आणि नळी यांच्यामधली फट मोजायला वासुदेवराव खिशातून पातळ पत्र्यांचा जुडगा काढायचे. न्युर्नबर्गचा दुकानदार त्यांना बघून मागच्या खोलीत जाऊ लागला. तक्त्याचे रकाने चौदा झाले आणि मुदत संपायला महिना उरला. तीन ऑक्टोबरला फोराइनट्राग रद्द, पुन्हा सगळे कागद, पुन्हा सगळी वाट. शुभावहिनी एवढंच म्हणाल्या, "हेही हुकणार बघा."

ते वाक्य वासुदेवरावांना लागलं. बायकोनं रागानं म्हटलं असतं तर चाललं असतं. ती मायेनं म्हणाली होती.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ब्रुनरनी क्लबच्या तिजोरीतून एक लाकडी पेटी काढली. "होलफेल्डरचं आहे. बायको विकायचं म्हणते."

होलफेल्डर म्हणजे क्लबचे सर्वांत जुने सभासद. मार्चमधल्या एका बुधवारी वारले, याच जागी, नेमबाजीच्या चौथ्या पट्ट्यावर. बुधवारी क्लब बंद असतो, पण त्यांच्याकडे किल्ली होती. दर बुधवारी संध्याकाळी एकटेच यायचे, पाच गोळ्या झाडायचे, दुर्बिणीतून नेमाचा कागद बघायचे आणि मग सावकाश सहावी. त्या दिवशी पाच झाल्या. सहावी चाकात तशीच सापडली.

वासुदेवरावांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि चौदाच्या चौदा रकाने त्यांच्या डोळ्यांसमोर भरत गेले. चाक केसभरही हलत नव्हतं. फट दोन्हीकडे सारखी. चाप असा सुटायचा की जणू काचेची काडी मोडली. आणि मूठ? वासुदेवरावांच्या उजव्या करंगळीचं टोक नव्हतं, उमेदवारीच्या काळात चिंचवडला मशीननं नेलं होतं. लाकडी मुठीवर करंगळीसाठी कोरलेली खोबण नेमकी तेवढीच आखूड होती.

"होलफेल्डरची करंगळी लाकूड कापायच्या करवतीनं गेली होती," ब्रुनर म्हणाले.

वासुदेवरावांनी हात पटकन मुठीवरून काढला. पण सवय ती सवय. त्यांनी सळईला पांढरी चिंधी लावली आणि चाकाची भोकं एकेक करून तपासली. पहिल्यातून चिंधी काळी आली. दुसऱ्यातून काळी. पाचही काळी, आणि दारूचा ताजा वास. सहाव्या भोकातून चिंधी गेली तशीच शुभ्र परत आली.

"शेवटचं कोणी झाडलं?"

"कोणीच नाही. मी स्वतः मंगळवारी साफ करून ठेवलंय." ब्रुनरनी चिंध्यांकडे पाहिलं आणि घाईघाईनं त्या केराच्या डब्यात टाकल्या. "जुनं पोलाद. घाम येतो त्याला."

पोलादाला घाम येतो हे तेवीस वर्षांत कोणी वासुदेवरावांना सांगितलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी ते फ्राऊ होलफेल्डरना भेटायला निघाले. त्यांचं घर क्लबच्या पलीकडे जंगलाच्या टोकाला होतं. संध्याकाळची वेळ, बीचची पानं ओली, पायवाटेवर चिटपाखरू नाही. क्लबच्या दाराला कुलूप होतं आणि त्या कुलपावर कोळ्यानं अख्खं जाळं विणलेलं. वासुदेवराव तिथून चार पावलं पुढे गेले असतील-नसतील.

टप्.

ते थांबले. टप्. टप्. मध्ये सारखं अंतर, एखाद्या शिस्तीच्या माणसानं ठेवावं तसं. चार. पाच. मग शांतता पसरली. वासुदेवराव सहाव्याची वाट बघत उभे राहिले. जंगलही त्यांच्याबरोबर वाट बघतंय असं त्यांना वाटलं. सहावा आलाच नाही. मागे वळून पाहिलं तर कोळी जाळ्याच्या मधोमध निवांत बसला होता.

फ्राऊ होलफेल्डर दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, ताठ, हातात झारा.

"ऐकलंत?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पाच," वासुदेवराव म्हणाले.

म्हातारीनं डोळे मिटले. मग त्यांना स्वयंपाकघरात बसवून म्हणाली, "एकेचाळीस वर्षं सहावा बार ऐकला की मी बटाट्याचे गोळे, आमचे क्लोस, उकळत्या पाण्यात सोडायची. वीस मिनिटांत ते शिजायचे, वीस मिनिटांत तो घरी. मार्चपासून दर बुधवारी पाच ऐकते. पाणी उकळतं, आटतं. मी आपली उभी." तिनं झारा खाली ठेवला. "तिघे आले विकत घ्यायला. तिघांनी माझ्यासमोर झाडून बघितलं, छान नेम होते. पुढच्या बुधवारी पुन्हा पाच. हे ज्याच्या हातून शांत होईल त्याला मी ते देईन. येत्या बुधवारी सात वाजता या."

घरी वासुदेवरावांनी सगळं सांगितलं. शुभावहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सुतारपक्षी असेल."

"मोजून पाच टोचे मारतो?"

"तुमच्यासारखा असेल एखादा."

तेरा वर्षांची तनया मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "पापा, दास इस्ट अनहाइमलिश." मराठी तिला सगळं कळायचं, भीती मात्र जर्मनमध्ये वाटायची.

येता बुधवार एक ऑक्टोबर होता आणि त्या दिवशी खंडेनवमी होती. वासुदेवरावांचे वडील आत्मारामपंत लेथवर टर्नर होते. त्यांच्या घरी देवांच्या आधी हत्यारांची पूजा. तीच रीत वासुदेवरावांनी एर्लांगेनमध्ये चालवली होती. सकाळी पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रिल, शुभावहिनींची विळी आणि तनयाचा लॅपटॉप मांडून झाले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूऐवजी बाल्कनीतले शेवंतीचे गेंद ठेवले. निघताना त्यांनी हळदी-कुंकवाचा करंडा, चार अक्षता आणि एक शेवंती हळूच खिशात टाकली.

"अहो, ते अजून आपलं नाही. परक्याच्या हत्याराला कसली पूजा?"

"नुसतं बोट लावतो."

क्लबमध्ये ब्रुनरनी पेटी बाकावर ठेवली आणि ते कॉफी करायला आत गेले. वासुदेवरावांनी चिंधी फिरवून बघितली. पाच काळ्या, एक पांढरी. भोकं साफ केली, नळीला तेलाचा हात दिला, त्यावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, चार अक्षता आणि एक शेवंती. हात जोडले. आणि जोडलेले हात तसेच राहिले, कारण तेव्हा कुठे त्यांना आठवलं.

पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. दसरा उजाडेपर्यंत त्याला विश्रांती. एकदा तातडीच्या कामासाठी मालकानं नवमीला लेथ सुरू करायला सांगितलं, तेव्हा आत्मारामपंत मशीनसमोर हात पसरून उभे राहिले होते. "शेठ, वर्षभर ती आपल्यासाठी फिरते. एक दिवस तिला विचारू तर द्या, बाई गं, दमलीस का?"

माशी शिंकली म्हणतात ती अशी. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसानं, मुदत संपायला दोन दिवस असताना, ज्या हत्यारानं तासाभरात परीक्षा द्यायची होती तेच झोपवून ठेवलं होतं.

सातला फ्राऊ होलफेल्डर आल्या. ब्रुनर कॉफी घेऊन बाहेर आले आणि थबकले. मावळतीच्या उजेडात नळीवरचा लाल ठिपका ओला दिसत होता.

"हेर गॉट! रक्त?"

"कुंकू," वासुदेवराव म्हणाले. "पोलादाला काही होत नाही, खाली तेल लावलंय."

"झाडा," फ्राऊ होलफेल्डर म्हणाल्या.

वासुदेवरावांनी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. शुभावहिनींचं "हेही हुकणार बघा" कानात वाजलं. एक खोटं बोललं, शेवंती बाजूला सारली आणि सहा गोळ्या झाडल्या की संपलं. इथे विचारणारं कोण होतं?

"आज झाडता येणार नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे आजच्या दिवशी याला काम सांगत नाहीत. याची पूजा झाली. आज ते विसावा घेतंय."

"लोणकर!" ब्रुनर ओरडले. "परवा तुमची मुदत संपतेय! आल्झो, काय माणूस आहे!"

"गेनाऊ, अगदी खरं," वासुदेवराव कसनुसं हसून म्हणाले. "पण आज नाही."

म्हातारी बाकावर बसली. तिनं शेवंतीकडे पाहिलं, लाल ठिपक्याकडे पाहिलं. घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली. ही होलफेल्डरची वेळ. तिघेही नकळत चौथ्या पट्ट्याकडे बघू लागले. पट्ट्याच्या टोकाला कागद टांगलेला होता आणि वारा नसताना त्याची एक कड हळूच वर उचलली जात होती, पुन्हा खाली येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. सव्वासात झाले. साडेसात. बाहेर एक पान पडलं तर त्याचाही आवाज आला. बार झाला नाही. एकही.

"मार्चपासूनचा पहिला बुधवार," फ्राऊ होलफेल्डर पुटपुटल्या. "सगळ्यांनी त्याला कामालाच लावलं. मीसुद्धा, दर बुधवारी पाणी उकळून." त्या उठल्या. "ब्रुनर, विक्रीचे कागद काढा. ते यांचं."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, वासुदेवरावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवडलेली वस्तू हातात धरली. आधी चिंधी फिरवली. सहाही पांढऱ्या. मग चौथ्या पट्ट्यावर उभे राहून पाच गोळ्या झाडल्या. थांबायचं ठरवलं नव्हतं, पण हात थांबला. दुर्बिणीतून कागद बघून घेतला. खोबणीत करंगळी नीट बसली आणि सावकाश सहावी सुटली.

कानावरचं संरक्षण काढेपर्यंत क्लबचा फोन वाजला. ब्रुनरनी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"किती झाडल्यात?" फ्राऊ होलफेल्डर.

"सहा."

"सहाच?"

"यात सहाच मावतात."

पलीकडे पाण्याची उकळी ऐकू येत होती.

"मी सात मोजले," ती म्हणाली. "तुमच्या सहाव्याला लागूनच. तो त्याचा होता, हेर लोणकर. राहिलेला. मी क्लोस सोडलेत पाण्यात. वीस मिनिटांत या, आणि बायको-मुलीलाही बोलवा. माझ्या अंदाजानं ते खूपच झालेत."

ब्रुनरनी पट्ट्याच्या टोकाचा कागद दोरीनं ओढून आणला आणि सवयीनं वासुदेवरावांपुढे धरला. भोकं किती ते बघायला दोन सेकंदही लागले नसते.

वासुदेवरावांनी चष्मा काढला, कागदाची न बघताच चौपदरी घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून दिली.