शान्शीची हाक
धुपाचा वास आला की मला मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधलं चहापत्तीचं ते दुकान आठवतं; तिथे देवापुढे सतत धूप जळत असे. जर्सी सिटीहून मी शनिवारी तिथे जायचे. एके दिवशी म्हातारे दुकानदार काका सांगत होते, की बादशाही काळात चीनमधल्या त्यांच्या शान्शी प्रांतातले व्यापारी परमुलखात एकत्र राहत, एकाच देवापुढे शपथ घेत आणि एकाने हाक मारली की सगळे धावून जात. तेवढ्यात एक धिप्पाड माणूस "गो बॅक!" असं ओरडत आत घुसला आणि त्याने लोखंडी पाइप काकांच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. काउंटरवर रक्त उडालं. काकांनी त्यांच्या बोलीत हाक मारली, तशी शेजारच्या दुकानांतली माणसं धावत आली. पाइप हिसकावून त्यांनी त्याला खाली पाडलं आणि डोकं फुटेपर्यंत मारलं. पाइप पुन्हा वर गेला, तेव्हा काका रांगत जाऊन त्याच्या अंगावर आडवे पडले. "बास! हा मेला तर तुम्ही सगळे जेलमध्ये जाल!" मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या स्कार्फने त्याचं डोकं बांध." मी बांधलं, पण त्या माणसावरच्या रागाने गाठ जरा जास्तच करकचून आवळली. एवढ्या वर्षांनंतरही मला तो राग चुकीचा वाटत नाही, आणि काकांचं सांगणंही.