खंडेनवमीला निर्मला कुठे गेली

विकासची बायको निर्मला खंडेनवमीला शेजारच्या गौरवबरोबर पळाली, अशी कुसगावात कुजबुज होती. नव्या साडीत, झेंडूचा हार घातलेल्या मोटारसायकलवर, भरलं ताट टाकून! नंदाबाईंनी ओट्यावरून पाहिलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर पोचवलं. ही सेवा त्या फुकट करतात.

निर्मला वराळ्याजवळच्या भात संशोधन केंद्रात कामाला. आवारातल्या सगळ्या यंत्रांची खबर एका पडद्यावर येते, त्यावर तिनं लक्ष ठेवायचं. सुट्टीत तेच तिच्या मोबाईलवर दिसतं. मात्र नुसतं बघायचं, तिथून काही बंद करता येत नाही.

त्या सकाळी ती केंद्रात यंत्रं पुजून आली होती. रोपांच्या खोलीत भिंतीवर तापमान मोजणारी इवलीशी डबी आहे. ती सांगेल तशी थंड हवा सुटते. म्हणजे खोलीची मालकीणच! निर्मलेनं तिला हळदकुंकू वाहिलं, खाली समई लावून ठेवली आणि कुलूप लावून घर गाठलं.

पहिला घास उचलला तोच मोबाईल किंचाळला. खोली चाळीस अंशांवर, थंड हवा पूर्ण जोरात. एवढ्या हवेत तापेल कशी? मग तिला समई आठवली नि घास हातातच राहिला. धग लागत होती डबीला. रोपं मात्र गारठत होती. केंद्राच्या साहेबांनी दोन वर्षं खपून केलेलं वाण, दुसरीकडे कुठेच नसलेलं. नोकरी अजून कच्ची आणि किल्ली हिच्याच कमरेला. विकास टॅक्सी घेऊन खंडाळ्याला गेलेला.

"गौरव, वराळ्याला हाण!"

"मावशी, आजून गाडीपुडं नारळ फोडायचाय."

"रोपं मेली तर माझ्याच डोक्यावर फोडतील. चल!"

वडगावपर्यंत जागोजाग पूजा, मधेच सजवलेले ट्रॅक्टर.

"उतरला का आकडा?"

"न्हाई रं. तेल मीच भरलंय काठोकाठ."

दार उघडताच गार झोत तोंडावर आला. तिनं ज्योत चिमटीतच विझवली, मग साहेबांना फोन लावला.

"साहेब, समई मीच ठेवली होती."



"रोपं?"

"कडेचे दोन ट्रे गेले. बाकीची उभी हायेत."

"मी येईपर्यंत हलू नकोस. आणि पुढच्या वर्षी पूजा दाराबाहेर."

पुढच्या वर्षी, हे ऐकून ती तिथेच फरशीवर बसली.

निर्मला पळाली नव्हती. आपणच लावलेली समई विझवायला गेली होती. गौरव गाडी चालवत होता.